फिडलमधली ठेच

जुन्नरला जायला आता मला निमित्त लागतं. या खेपेला भावाच्या नातीचं लग्न होतं. हॉलमध्ये डीजे सुरू झाला आणि माझ्या छातीत नको इतकं धडधडायला लागलं, तेव्हा "पाय मोकळे करून येते" असं सांगून मी चपला शोधल्या. म्हातारं माणूस लग्नातून उठलं की दहाजण विचारतात कुठे निघालात म्हणून. डीजेच्या कृपेनं कुणाला ऐकूच गेलं नाही. पायांना मी काही सांगितलं नव्हतं, पण ते कागद करणाऱ्यांच्या गल्लीकडे वळले.

ही गल्ली पूर्वी आधी नाकाला कळायची. चुन्यात भिजत घातलेल्या चिंध्यांचा ओला, आंबूस वास कोपऱ्यावरच यायचा. जुनी सुतळी, गोणपाटं, फाटकी धोतरं कुजवून कुटायची, लगदा हौदात कालवायचा, पडद्यावर उचलायचा आणि ओले कागद घरांच्या भिंतींना चिकटवून वाळवायचे. बायका कुंच्यानं ते भिंतीवर बसवत असायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करत असायच्या. आता भिंतींना रंग आहेत, हौदाच्या जागी मोटरसायकली उभ्या असतात आणि कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. मी दोनदा खोल श्वास घेऊन बघितला. काही आलं नाही.

याच गल्लीत इब्राहीम मास्तर राहायचे. त्यांचे भाऊ कागद करायचे आणि मास्तर फिडल वाजवायचे. व्हायोलिन म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "व्हायलीन बसून वाजवत्यात," ते म्हणायचे, "फिडल उभ्यानं. पाय मोकळा पायजे, पाय." आणि डावा पाय जमिनीवर आपटून दाखवायचे.

तरुणपणी ते पलटणीत गेले आणि तिथे एका स्कॉटलंडच्या साहेबाचे ऑर्डर्ली झाले. साहेब रोज संध्याकाळी आपल्या मुलखाच्या गती, म्हणजे नाचाच्या चाली, फिडलवर वाजवायचा आणि मास्तर ओट्यावर बसून त्याच्या बुटांना पालिश करायचे. बूट चकचकीत होता होता गती पाठ झाल्या. एकदा साहेबानं त्यांना शीळ घालताना पकडलं, आणि शिक्षा करायच्या ऐवजी आपलं दुसरं फिडल त्यांच्या हातात दिलं. बारा वर्षांनी मास्तर जुन्नरला परतले ते पत्र्याच्या ट्रंकेत हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं ते फिडल आणि डोक्यात चाळीस गती घेऊन. त्यानंतर त्यांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही. वराती, उरूस, शाळेची संमेलनं, जिथे बोलावतील तिथे वाजवायचं आणि जो येईल त्याला शिकवायचं. स्कॉटलंड त्यांनी बघितलेलं नव्हतं. एका आषाढात साहेब नाणेघाटाच्या बाजूला आला होता आणि धुकं बघून "आमचा मुलूख अस्साच" म्हणाला होता, एवढं त्यांना पुरलं. स्कॉटलंड कुठे आहे विचारलं की ते घाटाकडे हात करायचे.

त्या गतींची नावं गावानं आपल्या सोयीनं पाडून घेतली होती. जलद वाजणाऱ्या गतीला मास्तर 'रील' म्हणायचे. आमच्याकडे रीळ म्हणजे दोऱ्याचं, त्यामुळे भिंतीशी उभ्या असलेल्या बायका विचारायच्या, "काय मास्तर, आज किती रिळं उलगडली?" दुसरी एक डौलदार, थांबत थांबत चालणारी जात होती. तिचं नाव मास्तरांनाही धड म्हणता यायचं नाही. ते 'इस्ट्रास्पी' म्हणायचे. आम्ही तिला इस्त्रीची गत करून टाकलं.

मी तिथे कशी पोचले, तर घोड्याच्या शेपटीमुळे. माझे वडील टांगा चालवायचे, जुन्नर ते नारायणगाव. आमचा घोडा चांद्या, पांढराशुभ्र. फिडलच्या गजाला घोड्याचे केस लागतात, ते पांढरे हवेत आणि घोडीचे चालत नाहीत, असा मास्तरांचा हट्ट. पंचक्रोशीत पांढरा घोडा आमचाच. दसऱ्याला चांद्याला धुऊन, कपाळाला कुंकू लावून, गोंडे बांधून झाले की मास्तर यायचे. आधी चांद्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचे आणि मग शेपटीतले लांब केस मोजके कापून घ्यायचे. रिठ्याच्या पाण्यात धुतलेली ती जुडी सरळ धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. राळेचा पांढरा भुगा, ओल्या केसांचा वास, चांद्याचं फुरफुरणं, मास्तरांच्या दातात धरलेला मेणाचा दोरा. माझा दसरा तो होता.

एका दसऱ्याला वडील म्हणाले, "मास्तर, दरसाल केस नेता. पोरीला शिकवा की जरा."

"पोरीला?" मास्तरांनी माझी बोटं उलटसुलट करून बघितली. "शिकवतो. पन ठेच खायाची तयारी पायजे."

मला वाटलं, मार खायची म्हणतायत. मी दोन दिवस घाबरून होते.

ती ठेच निराळी होती. साहेबाच्या मुलखातल्या गतींत एक जागा पुन्हा पुन्हा येते. आधी एक तोकडा स्वर, त्याच्यावर सगळा जोर, आणि लगेच एक लांब स्वर. गाणं चालता चालता अडखळतं, आता पडणार असं वाटतं आणि पडत नाही. मास्तर म्हणायचे, ही ठेच गेली की गत मेली. ती शिकवायला त्यांनी मराठी शब्द शोधून ठेवले होते. बघा. निघा. दिवा. हवा. "ब... घाऽ," ते म्हणायचे. "ब म्हंजी पायाला दगड लागला. घा म्हंजी सावरला. दगडावर जोर दे, सावरन्यावर न्हाई." आम्हा पाच पोरांना ते गल्लीतून चालवत न्यायचे, तोंडानं बघा-निघा म्हणत आणि पावलोपावली अडखळत. बायका कुंचे खाली ठेवून हसायच्या. "चालली बघा-निघाची पलटन!"

कागद करणाऱ्याच्या घरात शिकूनही आम्ही एक अक्षर कागदावर उतरवलं नाही. मी एकदा वही नेली होती. मास्तरांनी ती मिटून बाजूला ठेवली. "कागुद समोर आला का मानूस कागदाकडं बघतो," ते म्हणाले, "पायाकडं न्हाई."

पाचांतले चार हळूहळू गळाले. त्यातला कांतिलाल कापडवाल्या मारवाड्यांचा, जैन. माझ्याहून चांगला हात त्याचा. एक दिवस त्याच्या आजोबांना कळलं की फिडलची तार बोकडाच्या आतड्याची असते. झालं. कांतिलालला अंघोळ घालून घरात घेतलं आणि त्याचं फिडल संपलं. पुढे तो दुकानात बसायला लागला. मास्तर कापड घ्यायला गेले की तो गजानं कापड मोजता मोजता गजाच्या टोकानं फळीवर ठेच वाजवायचा. आजोबांना वाटायचं, पोरगं मापाला लई पक्कं आहे.

राहिले मी. जुन्या बाजारातून आणलेलं एक फिडल मास्तरांनी मला दिलं होतं, पोटाला चीर गेलेलं, राळेनं सांधलेलं. पाच-सहा वर्षांत मला सदतीस गती आल्या. उरलेल्या तीन अवघड होत्या, त्या मी मोठी झाल्यावर द्यायच्या असं ठरलं होतं.

आंबेगावच्या एका लग्नाला आम्ही गेलो होतो, ते मी कितीदा आठवते याला हिशेब नाही. ते आंबेगाव आता धरणाच्या पाण्यात आहे. थंडीचे दिवस, खळ्यांवर भाताच्या पेंढ्यांच्या गंजी, सगळ्या वाटेला नव्या तांदळाचा वास. चांद्या टांग्याला, पुढे वडील, मागे मास्तर आणि मी, मांडीवर फिडलं. नवरी निघताना मास्तरांनी इस्त्रीची गत धरली, सगळ्यांत संथ. मी खालचा स्वर धरून उभी होते. नवऱ्याच्या भावाला ते आवडलं नाही. "काय लंगडं लंगडं वाजिवताय," तो ओरडला. "सरळ वाजवा की राव!"

मास्तर थांबले नाहीत. नवरीची आत्या डोळे पुसत होती, ती म्हणाली, "वाजवू दे रं. रडताना बी असंच व्हतं. अडतंया, मंग येतंया."

परतताना टांगा गावाबाहेर पडला. मग वडिलांनी विचारलं, "मास्तर, ह्या गती तुमच्या सायबाच्या गावात अजून असतील न्हवं?"

"कुठल्या असत्यात," मास्तर म्हणाले. "सायेब मेला. त्याचा पोरगा लढाईत गेला. वाजिवणार कोन? आता जगात ह्या माझ्यापाशी हायेत." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आन् ह्या पोरीपाशी. ही इसरली तर संपलं."

त्यांना ते खरंच वाटत होतं. एका साहेबाशिवाय त्यांनी त्या मुलखातलं दुसरं माणूस बघितलं नव्हतं, म्हणून तो मुलूखही एका माणसाचाच. मला हसू आलं नाही. मी तेरा-चौदा वर्षांची होते, आणि सगळ्या जगात दोघांकडेच असलेली वस्तू माझ्याकडे आहे हे ऐकून माझी मान ताठ झाली. ती जबाबदारी आहे हे समजायला वेळ लागला.

पुढे एसटी आली. आधी एक गाडी, मग तीन. टांग्याच्या अड्ड्यावर वडील दिवस दिवस बसून राहायचे आणि उतारू त्यांच्या समोरून धुरळ्यात निघून जायचे. एका वैशाखात त्यांनी चांद्या विकला. विकायच्या आदल्या दिवशी मास्तरांना निरोप गेला. दसरा नव्हता, कुंकू नव्हतं, गोंडे नव्हते. वडील म्हणाले, "पायजे तेवढे घ्या आज." मास्तरांनी मनगटाएवढी जुडी कापली. चांद्यानं मान वळवून एकदा बघितलं आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घातलं. त्याच्या कानात त्या दिवशी मास्तर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चांद्या गेल्यावर वडिलांनी रिकामी दावण झाडून घेतली आणि ते जे आत गेले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत.

सातवी पास झाल्यावर दोन वर्षांनी मला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. निघताना मास्तर स्टँडवर आले होते. खिडकीतून माझ्या हातात केसांची एक छोटी जुडी देऊन म्हणाले, "रोज एक तरी वाजव. तीन ऱ्हायल्यात, त्या सुट्टीत घे."

पुण्यात ट्रेनिंगशेजारीच गाण्याचा क्लास होता. तिथल्या गुरुजींपुढे मी मोठ्या ऐटीत उभी राहून इस्त्रीची गत वाजवली. त्यांनी पहिल्यांदा मला खाली बसवलं. मग म्हणाले, "हात सुरेल आहे. पण हे काय, प्रत्येक स्वराला धक्का? दोष आहे हा. काढून टाकावा लागेल." ते वाईट नव्हते. त्यांच्या विद्येत तो दोषच होता. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जायचं, कुठे सांधा दिसता कामा नये. मी दोन वर्षं घासून घासून ती ठेच हातातून काढली. गुरुजी वर्गासमोर माझं कौतुक करायचे. मला आवडायचं ते. टांगेवाल्याच्या पोरीचं पुण्यात कौतुक होत होतं. सुट्टीत घरी गेले तरी मास्तरांकडे जायला जमायचं नाही. म्हणजे मी जमवायची नाही. त्या तीन गती राहिल्या त्या राहिल्याच. पुण्यात माझ्या हाताला खरोखरची इस्त्री झाली.

मग वडिलांचं पत्र आलं, मास्तर अंथरुणाला खिळलेत, तुझी आठवण काढतात.

मी दुपारी पोचले. घरात नवी सून आली होती, जुबेदा, माझ्याच वयाची. ती दाराआड उभी होती. मास्तर फार बारीक झाले होते. फिडल खुंटीला होतं, गजाचे केस पिवळे पडलेले. त्यांनी मला डोळे भरून बघितलं आणि म्हणाले, "इस्त्रीची वाजव. आंबेगावची."

मी ते खुंटीवरून काढलं आणि खाली मांडी घालून बसले. सवयीनं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी डोळे मिटून वाजवायला लागले. स्वर सगळे बरोबर होते. गत एकाही जागी अडली नाही, पाण्यावरून सरकावी तशी सरकत गेली. संपल्यावर मी डोळे उघडले.

"लई ग्वाड," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "कुठली गं ही?"

त्यांची गत त्यांना ओळखू येत नव्हती. मला सांगता आलं असतं, मास्तर, आपलीच आहे, माझ्या हातून बिघडली, पुन्हा शिकवा. दोन वाक्यं होती. मी म्हणाले, "पुण्यातली आहे. नवीन शिकले."

"अस्सं," ते म्हणाले. "चांगली हाय. आता आपली वाजव."

मी गज उचलला. मनात ब... घाऽ म्हटलं. हात अडखळेना. दगडच लागेना कुठे. मी फिडलची खुंटी पिळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तार उतरलीय, मास्तर. उद्या येते." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीनं मी पुण्याला गेले. आषाढात मास्तर वारले.

पुढे तीस वर्षं मी शाळेत आणि घरी व्हायोलिन शिकवलं. कार्यक्रम केले, शाली घेतल्या. ठेच परत आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. यायची, पण नक्कल यायची, मुद्दाम पाय वाकडा टाकून चालावं तशी. काही वर्षांपूर्वी नातीनं मला तिच्या फोनवर एक मोठा हॉल दाखवला. स्कॉटलंडमधला. शंभरेक माणसं, पोरं, म्हाताऱ्या, सगळी फिडलं घेऊन, आणि त्यांच्यात ती इस्त्रीची गत, प्रत्येक जागी ठेच खात, पाय आपटत. म्हणजे ती कधी संपणारच नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आणि कुणावर तेही समजेना. तिथे ती शंभर माणसं होती. इथे मास्तरांना एक माणूस हवं होतं.

तरी एक आधार मी मनाशी धरून होते, तो खोटं बोलणाऱ्याचा आधार असतो. मास्तरांना समजलं नाही. त्यांनी ती गत पुण्याचीच मानली आणि त्यांच्या लेखी त्यांची गत माझ्याजवळ शाबूत राहिली. मी त्यांना फसवलं, पण सुखात फसवलं. एवढ्यावर मी साठ वर्षांहून जास्त काढली.

गल्लीत मी बराच वेळ उभी असणार. एका दारातून म्हातारीनं हाक मारली, "कोन पायजे?" मी नाव सांगितलं. तिनं चष्मा वर केला. "टांगेवाल्याची? फिडलवाली? अगं, मी जुबेदा!"

तिनं हाताला धरून आत नेलं, चहा टाकला, गुडघ्यांचं सांगितलं, मुलं कुठे कुठे असतात ते सांगितलं. फिडल तिच्या दिरानं कधीच मुंबईला नेलं होतं, त्याचं पुढे काय झालं तिला माहीत नव्हतं. मग अगदी सहज म्हणाली, "तुमी त्या दिवशी वाजिवलं न्हाई का, सासऱ्याम्होरं, ते अजून याद हाय मला. तुमी गेल्यावर मी म्हनलं, अब्बा, पुन्याची गत छान व्हती. तर हसले."

"हसले?"

"हां. म्हनले, 'आपलीच व्हती ती. वळखली मी. पोरगी सांगंल म्हनून इचारलं. ती पुन्याची म्हनाली, तर ऱ्हाऊ दे पुन्याची.' मंग दुसऱ्या दिवशी मला म्हनले, पाठीला उशी लाव, बसव मला, पोरगी येनार हाय. दिवसभर बसले बगा. संध्याकाळी मीच निजवलं." तिनं बशी माझ्यापुढे सरकवली. "घ्या की चा. गार व्हतोय."

मी कप उचलला. माझा हात अडखळला, आणि चहा सगळा बशीत सांडला.